कुंडीवर नुसतं ‘औषधी’ नको, झाडाचं पूर्ण नाव लिहा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बाल्कनीतल्या औषधी बागेवर तुम्ही अख्खं पान दिलंत, फोटो छान होते, तुळस, गवती चहा, अडुळसा, गुळवेल, कोरफड, ब्राह्मी सगळं होतं, बघून बरं वाटलं कारण मी स्वतः मुलुंडला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात गेली अकरा वर्षं हीच झाडं लावतेय. पण पान वाचून संपलं आणि काहीतरी राहिलं असं वाटत राहिलं. माती किती, शेणखत किती, पाणी कधी हे सगळं सांगितलंय आणि तिथून एकदम काढ्याची कृती. मधलं काहीच नाही. म्हणजे पान कधी तोडायचं, कुठलं तोडायचं, वाळवायचं कसं, किती दिवस ठेवायचं, आणि सगळ्यात आधी म्हणजे नर्सरीवाल्याने हातात दिलेलं रोप खरंच तेच आहे का हे बघायचं कुणी? त्यासाठी हे पत्र लिहितेय. लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण गुळवेलीचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये २९ वर्षं टेक्निशियन होते. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट एकच, ज्या बाटलीवर नाव नाही ती मशीनला लागत नाही. वॉर्डबॉय कितीही सांगू दे की हे अमक्या बेडच्या पेशंटचंच रक्त आहे, मी स्वतः आणलंय, तरी ती परत जायची आणि पेशंटला परत सुई टोचायला लागायची, पेशंट वैतागायचे, नातेवाईक ओरडायचे, पण नियम म्हणजे नियम, कारण चुकीच्या माणसाच्या रिपोर्टवर औषध चालू झालं तर काय होतं ते आम्ही बघितलेलं होतं. आणि तीच मी, रिटायर व्हायच्या आधीपासून, रस्त्याकडेच्या नर्सरीतून नुसत्या ‘औषधी आहे मॅडम’ एवढ्या शब्दावर रोपं घरी आणत होते.

२०२० मध्ये लॉकडाऊनला घरोघरी काढे सुरू झाले ते सगळ्यांना आठवत असेल. माझे धाकटे दीर, आम्ही त्यांना नाना म्हणतो, त्यांच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला मागच्या बाजूला एक वेल चढलेली होती, हृदयाच्या आकाराची पानं, कुणीतरी सांगितलं ही गुळवेल आहे, इम्युनिटीला एक नंबर. झालं. रोज सकाळी बोटभर जाडीचं वीतभर खोड ठेचून ग्लासभर काढा, नानाही प्यायचे आणि शेजारचे दोघंतिघं पण. शेजारच्यांना काही झालं नाही. नानांची मात्र दोन महिन्यांनी भूक गेली, लघवी गडद व्हायला लागली, मग डोळे पिवळे. कोविडच्या भीतीने डॉक्टरकडे जायला आठवडा घालवला. रिपोर्ट मलाच व्हॉट्सॲपवर पाठवला, एसजीपीटी म्हणजे लिव्हरची तब्येत दाखवणारी रक्ताची टेस्ट, ती साडेसातशेच्या घरात होती, नॉर्मल असतं साधारण चाळीसपर्यंत. हिपॅटायटिसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. शेवटी डॉक्टरांनी विचारलं की आयुर्वेदिक, झाडपाला, काही चालू आहे का, तर नाना म्हणाले औषध काहीच नाही, फक्त गुळवेलीचा काढा. घरचा काढा म्हणजे औषध नाही असंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि नानाच नाही आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात हेच आहे. काढा बंद केला, तीन महिन्यांनी रिपोर्ट जागेवर आले. आज ठणठणीत आहेत.

नंतर २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद एका वैद्यकीय जर्नलमध्ये छापली. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती झाडं नीट ओळखलीच नव्हती, खरी गुळवेल सुरक्षित आहे. मग २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा सांगितलं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे आपली गुळवेल चालते पण तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा म्हणून एक वेल आहे ती घातक ठरू शकते. डॉक्टरांचं म्हणणं असंही आहे की काही लोकांमध्ये आधीपासून ऑटोइम्यून त्रास, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा त्रास, लपलेला असतो, त्यांना खऱ्या गुळवेलीनेही तो उसळू शकतो. दोन्ही बाजूंचे लोक शिकलेले आहेत, त्यांचा वाद त्यांच्याकडे. माझा मुद्दा एवढाच की दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर दुमत नाही, ती म्हणजे वेल कुठली हे आधी कळलं पाहिजे. आणि नानांच्या कंपाउंडवरची वेल कुठली होती हे कधीच कळलं नाही कारण घाबरून कुणीतरी ती मुळासकट उपटून फेकून दिली.

म्हणून ओळख इथे लिहूनच टाकते. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असतं, वरची साल कागदासारखी पातळ सुटते, खोडावर उठून दिसणाऱ्या गाठी नसतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही. क्रिस्पाचं खोड राखाडीकडे झुकणारं, त्यावर बारीक चामखिळीसारखे फोड फोड, आणि कापल्यावर पांढरा चीक. फुलाला गुळवेलीच्या सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन. फळं गुळवेलीची लाल, गोल, मण्यासारखी, दुसरीची लांबट आणि नारिंगी. नुसतं पान बघून सांगणारा माणूस अंदाजाने सांगतोय असं समजा, कारण पान दोन्हीचं सारखंच. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी दादरला कळलं होतं. स्टेशनबाहेर फुलबाजाराच्या कडेला पालघरकडून, कसाऱ्याकडून येणाऱ्या आदिवासी बायका पानं, मुळ्या, रानभाज्या घेऊन बसतात, त्यातल्या एका मावशीने मी गुळवेल मागितल्यावर न विचारता खोड आडवं कापलं आणि माझ्या डोळ्यासमोर धरलं, आत गाडीच्या चाकाला असतात तशा आऱ्या दिसतात, ‘ही बघ, चाक दिसलं पाहिजे’ म्हणाल्या, मग साल नखाने सोलून दाखवली. त्यांना लेबल लागत नाही. त्यांचा हात रोज त्या वेलीवरून फिरतोय. माझा हात २९ वर्षं टेस्ट ट्यूबवर फिरला, मला लेबल लागतं, आणि मुंबईत कुंडी घेऊन जाणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना लागेल.

ब्राह्मीचं घ्या. ब्राह्मी म्हणून नर्सरीत दोन वेगळी झाडं मिळतात आणि दोन्ही विकणारा छातीठोकपणे ब्राह्मीच म्हणतो. एक मंडूकपर्णी, आपल्याकडे कारिवणा पण म्हणतात, तिचं पान किडनीच्या आकाराचं, कडेला बारीक दाते, लांब देठावर एकेक पान आणि जमिनीवरून धावत जाते. दुसरी नीरब्राह्मी, बारीक जाडसर रसाळ पानं, समोरासमोर जोडीने, पाणथळ आवडतं. दोन्हींना आयुर्वेदात जागा आहे पण ही दोन वेगळ्या कुळातली झाडं आहेत, एकीसाठी सांगितलेलं दुसरीला कसं लागू होईल? तुमच्या पानावर फोटो मंडूकपर्णीचा आहे आणि खाली मजकूर लिहिलाय तो नीरब्राह्मीचा, ‘भरपूर पाणी साचू द्या’ म्हणून. तो सल्ला फोटोतल्या रोपासाठी नाहीच. तसंच ओव्याचं. ज्याच्या पानांची आपण पावसात भजी करतो तो जाड लुसलुशीत पानांचा पानओवा वेगळा आणि मसाल्याच्या डब्यातला ओवा वेगळा, त्याची पानं शेपूसारखी बारीक असतात. आमच्या मजल्यावरच्या एका ताईंनी दोन वर्षं त्या पानओव्याला ओवा कधी धरतो म्हणून वाट बघितली. त्यात नुकसान काही नाही, भजी झाली भरपूर, पण गुळवेलीत ते नुकसान लिव्हरचं होतं.

नाव लिहून ठेवलेलं असलं की काय होतं याचं आपल्याच हळदीचं उदाहरण आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या देशाच्या विज्ञान संशोधन संस्थेचे प्रमुख, गिरगावात वाढलेला माणूस, त्यांनी त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ते ‘आमच्या आजीला माहिती होतं’ असं सांगून रद्द झालेलं नाही. जुन्या ग्रंथांतले, जर्नलमधले छापील उल्लेख पुढे ठेवले, कुठली वनस्पती, कुठला भाग, कशासाठी, तेव्हा झालं. आजी बरोबरच होती पण आजीचं म्हणणं कागदावर होतं म्हणून जिंकलो. मग आपण आपल्याच बाल्कनीत एवढा कागद का लावू नये.

आता तोडणीबद्दल, कारण खरा गोंधळ इथे होतो आणि यावर कुणी फारसं बोलत नाही. झाड हिरवंगार आहे म्हणजे कधीही कुठलंही पान तोडा असं नसतं. नर्सरीतून आणलेल्या रोपाचं तर पहिला महिना-दीड महिना पानसुद्धा तोंडात घालू नका, तिथे किडीसाठी फवारणी झालेली असते, जुनी पानं काढून टाका आणि आपल्याकडे फुटलेली नवी पालवी वापरा. तुळशीत सुगंधी तेल सगळ्यात जास्त असतं ते मंजिऱ्या यायच्या सुमाराला, मंजिऱ्या पिकून तपकिरी झाल्या की पानं बारीक आणि निबर होत जातात, म्हणून कोवळ्या मंजिऱ्या खुडत राहायच्या, एकदोन बियांसाठी सोडायच्या. सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आधी, माझ्याकडे पूर्वेचं ऊन आहे तर साधारण साडेआठ-नऊची वेळ मी धरते. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. माझी आई रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडू द्यायची नाही आणि तिन्हीसांजेनंतर तर हातच लावायचा नाही, लहानपणी आम्ही वाद घालायचो, पण आता स्वतः झाड वाढवताना कळतं की रोज ओरबाडलेली तुळस वर्षभरात काटकुळी होते, आईची तुळस सहा-सहा वर्षं टिकायची.

गवती चहा म्हणजे स्टेशनबाहेर भाजीवाल्याकडे पुदिन्याबरोबर जुडीत मिळतो तोच. तीच जुडी मुळाकडचा पांढरा गड्डा शाबूत असेल तर पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, बारा इंची कुंडीत लावा, ऊन मात्र हवं, पाच तास तरी. पहिले चार-पाच महिने कापू नका. मग बाहेरच्या पाती जमिनीपासून वीतभर उंचीवर कात्रीने कापायच्या, उपटायच्या नाहीत आणि हाताने ओढायच्या तर मुळीच नाहीत, पात ब्लेडसारखी बोट कापते. दोन वर्षांनी ठोंब कुंडीत दाटतो, मध्ये वाळायला लागतो, तेव्हा पावसाच्या तोंडावर फोडून चार कुंड्या करायच्या.

अडुळसा हे माझं सगळ्यात आवडतं झाड. कटिंगवर पावसात पटकन लागतं, कीड फार नाही, पाणी विसरलात तरी रागावत नाही. खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये जे ब्रोमहेक्सिन असतं ते अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच तयार केलेलं, म्हणजे मॉडर्न मेडिसिननेसुद्धा त्याला मान दिलाय. पण हे पान नुसतं कुटलं तर रस निघतच नाही, हे करून बघितलेल्यालाच माहीत. तव्यावर किंवा वाफेवर गरम करून मऊ करायचं आणि मग पिळायचं, जुन्या वैद्यांची पुटपाकाची पद्धत तीच आहे. पूर्ण वाढलेली, खालची पक्की पानं घ्यायची, शेंड्याची कोवळी नाहीत. आणि हेच व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचित करतं, त्यामुळे गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना होता, खोकला हटेना, सासूबाई पानं न्यायला आल्या, मी दिली नाहीत. चार दिवस त्यांनी बोलणं टाकलं. टाकू देत, तुमच्या पानावर ही एक ओळ असती तर त्यांनी मागितलीच नसती.

कोरफडीचं पण तसंच. सगळ्यात बाहेरचं, खालचं, जुनं पान बुडाशी कापायचं आणि उभं तिरकं करून वीसेक मिनिटं वाटीत ठेवायचं, पिवळा कडू चीक निथळतो, तो टाकून द्यायचा. हा चीक वाळवला की होतो तो काळा बोळ, जबरदस्त रेचक. रील्समध्ये लोक पान कापतात, सालीसकट मिक्सरला लावतात आणि सकाळी उपाशीपोटी पितात, मग पोटात मुरडा येतो आणि म्हणतात डिटॉक्स होतंय. डिटॉक्स नाही हो, ते जुलाबाचं औषध घेतलंय तुम्ही.

हळद मी दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दोन ग्रोबॅगमध्ये लावते, डोळा असलेले कंद, दोन बोटं खोल. श्रावणात पानं पातोळ्यांना मिळतात, मजल्यावरच्या सगळ्या घरांना पुरतात. जानेवारीत पानं पिवळी पडून झोपायला लागली की पाणी तोडायचं आणि फेब्रुवारीत काढायची. गेल्या वर्षी ओली दीड किलो निघाली. मऊ होईपर्यंत पाऊणेक तास उकडून गच्चीवर पंधरा दिवस वाळवली तर तीनशे ग्रॅमच्या आसपास राहिली. वर्षभर पुरत नाही, पण रंग आणि वास असा की विकतची नको वाटते. घाईने नोव्हेंबरमध्ये काढली तर कंद पाणचट निघतो, हे मी पहिल्या वर्षी करून बसले.

चरकसंहितेत कल्पस्थानात याचाच विचार आहे, कोवळ्या फांद्या आणि पानं वर्षा आणि वसंतात घ्यावीत, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात पानं गळून गेल्यावर. म्हणजे कधी तोडायचं हा प्रश्न आपल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी महत्त्वाचा मानला होता, आणि आज औषधी बागेच्या पानावर त्याला एक ओळ मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त एक, पावसात घेतलेली पानं ताजी वापरायची असतील तर ठीक, साठवायची असतील तर मुंबईचा पाऊस त्याला नाही. जुलैमध्ये इथे पापड वाळत नाहीत तिथे तुळस काय वाळणार. पान बाहेरून सुकल्यासारखं दिसतं, बरणीत भरलं की आठ दिवसांत कुबट वास आणि देठाजवळ पांढरी लव. ती बुरशी. ते उन्हात टाकून परत वापरायचं नाही, काढा उकळतोय म्हणून चालेल असंही नाही, काही बुरश्यांचं विष उकळून जात नाही. सरळ कुंडीत मातीला परत. मी साठवणीची सगळी वाळवण दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत उरकते. पानं धुवायची, आमच्याकडे हायवेची धूळ बसते त्यामुळे दोनदा, फडक्यावर टिपायची, आणि घरात पंख्याखाली सावलीत सुती कापडावर एकेरी पसरायची. उन्हात नाही, उन्हात वास उडून जातो आणि पान काळं पडतं. वर्तमानपत्रावर पण नाही, तुमचीच माफी मागून सांगते, छापील कागदात खाण्याचं ठेवू नका म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१६ मध्ये सांगितलंय, शाई उतरते. पान चुरगळल्यावर कुरकुर आवाज आला, देठ वाकायच्या ऐवजी कट्कन मोडलं की झालं. मग काचेची बरणी, अंधारं कपाट, आणि बरणीवर नाव आणि तारीख. एक वर्षानंतर उरलं तर टाकून द्यायचं.

आणखी एका झाडाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, सदाफुली. मुंबईत अशी बाल्कनी नाही जिथे ती नाही, भिंतीच्या फटीत सुद्धा उगवते. डायबेटिससाठी रोज चार पानं चावून खा असा मेसेज दर दोन महिन्यांनी फिरतो. याची खरी गोष्ट अशी आहे की १९५० च्या दशकात कॅनडात याच पानांचा साखरेवर परिणाम होतो का ते उंदरांवर तपासत होते, साखर काही उतरली नाही, उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यातून कॅन्सरचं औषध सापडलं, व्हिनब्लास्टिन आणि मग व्हिनक्रिस्टिन. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये लहान लहान मुलं ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची ट्रीटमेंट घेतात त्यात व्हिनक्रिस्टिन असतं, एकेक मिलिग्रॅम मोजून, शिरेतून, दर वेळी काउंट बघून. मी आयुष्यभर असे काउंट लावलेत, आकडा खाली गेला की डॉक्टर डोस थांबवायचे. त्या झाडाची पानं न मोजता, न तपासता रोज चावायची, कशासाठी? सदाफुली लावा, फुलं देवाला वाहा, पानं तोंडात नको. बिट्टी आणि कण्हेर तर सोसायटीच्या बागेत असतातच, त्या थेट हृदयावर विष आहेत, औषधी कुंड्या त्यांच्या शेजारी ठेवूच नका.

कुंडीखालच्या थाळीबद्दल पण दोन शब्द, कारण आमच्या सोसायटीत याच कारणावरून ‘कुंड्या हटवा’ अशी नोटीस लागली होती. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. वॉर्डाचे लोक तपासायला येतात ते बरोबरच करतात. थाळीत रेती भरा किंवा आठवड्यातून एकदा पालथी करून घासा, नीरब्राह्मीच्या पाणथळ टबावर बारीक जाळी ताणा, आणि ग्रिलच्या बाहेर लटकवलेली कुंडी आत घ्या, खाली माणसं चालतात. एवढं केल्यावर आमची नोटीस कमिटीने मागे घेतली.

आता मागणी. पालिका दरवर्षी राणीच्या बागेत झाडाफुलांचं प्रदर्शन भरवते, हजारो लोक येतात, मी पण जाते. तिथल्या मोठ्या झाडांवर नावाच्या पाट्या आहेत आणि त्या वाचत वाचत फिरणारी शाळेची पोरं मी बघितलीत. मग तिथे आणि शहरभरच्या नर्सऱ्यांत औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपावर एक चिठ्ठी सक्तीची करा, मराठी नाव, शास्त्रीय नाव देवनागरीत, वापरायचा भाग कुठला, आणि कुणी वापरू नये. चार ओळी. औषधाच्या गोळीच्या पाकिटावर एक्सपायरी लागते, मसाल्याच्या पुडीवर घटक लागतात, मग औषधी म्हणून रोप विकताना नुसता शब्द का चालतो? पालिकेच्या वॉर्डातल्या एकेका उद्यानात दहा-बारा खात्रीच्या वनस्पतींचा वाफा करा म्हणजे लोकांना आपलं रोप नेऊन शेजारी धरून ताडून बघता येईल. धारावीजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं, तेव्हा या शहरात जागा नाही, होत नाही हे मला कुणी सांगू नये. वरळीला पोदार आयुर्वेद कॉलेज आहे, तिथल्या द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक रविवार ‘रोप आणा, ओळखून घ्या’ असा ठेवला तर मी पहिल्या रांगेत उभी असेन आणि नानांनाही घेऊन येईन.

आणि तुमच्याकडे मागणी अशी की यापुढे घरगुती औषधाची कुठलीही कृती छापताना वनस्पतीचं पूर्ण नाव द्या, फोटो त्याच झाडाचा आहे हे जाणकाराकडून बघून घ्या, आणि गरोदर बाया, शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, लिव्हरचा त्रास असणारे यांनी आधी डॉक्टर-वैद्याला विचारावं ही ओळ कापू नका. ब्राह्मीच्या फोटोची दुरुस्ती येत्या रविवारी छापलीत तर फार बरं होईल, कुणीतरी त्या वाचनावर कुंडीत पाणी साठवत बसलं असेल.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. आईस्क्रीमच्या काड्यांवर पर्मनंट मार्करने नाव लिहून प्रत्येक कुंडीत खोचलीय, पावसात पुसतं म्हणून वरून नेलपॉलिशचा हात. या पावसाळ्यात अडुळशाच्या वीस कटिंग्ज आणि गवती चहाचे ठोंब सोसायटीत वाटणार आहे, काडी लावलेली असेल तरच रोप हातात देणार. गुळवेलीचं कटिंग मात्र कुणी मागितलं तर आधी घरी बोलावते, खोड आडवं कापते आणि ते चाक दाखवते.

आपली,
एक जुनी वाचक,
मुलुंड, मुंबई